वस्तूंना विचारलेला इतिहास

बारामती तालुक्यातील लोणी भापकर हे गाव पुष्कळांना केवळ रस्त्यावरचे एक गाव म्हणून ठाऊक असते. तथापि तेथे यादवकालीन शिल्पवैभव आहे. मल्लिकार्जुनाचे मंदिर आहे, दगडी बांधणीची पुष्करणी आहे आणि यज्ञवराहाची एक देखणी पाषाणमूर्ती आहे. प्राचीन मूर्तिकलेचे अभ्यासक दूरदूरहून ती पाहावयास येतात. आपल्यासारखा सामान्य प्रवासी मात्र तिच्यासमोर क्षणभर उभा राहतो, 'फार जुनी आहे' असे म्हणतो आणि निघून जातो. मूर्ती मूक राहते, कारण तिला कोणी काही विचारलेले नसते.

शेजारच्या इंदापूर तालुक्यात याहून वेगळे दृश्य दिसते. भीमा नदीवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि त्याच्या जलाशयाने अनेक गावांच्या जुन्या वस्त्या पोटात घेतल्या. पळसदेवचे पळसनाथ मंदिर त्यांतलेच एक. ज्या वर्षी पाऊस रुसतो आणि धरणाचे पाणी तळाला जाते, त्या वर्षी ते मंदिर पुन्हा वर येते. लोक होडीतून किंवा चिखल तुडवीत तेथे जातात. ज्यांची घरे तेथे होती, ते आपल्या नातवंडांना हात करून दाखवितात, 'येथे आपले अंगण होते.' ही आठवण सांगणारा हयात आहे तोवर त्या दगडांना अर्थ आहे. त्याच्यामागे ते केवळ पाण्यातले दगड उरतील.

पवित्र शास्त्र वाचणाऱ्या आपल्या कुटुंबांना येथे यहोशवाच्या ग्रंथातील एक प्रसंग आठवावा. यार्देन नदी ओलांडताना इस्राएलच्या बारा वंशांनी नदीच्या पात्रातून बारा दगड उचलून आणले आणि यहोशवाने ते गिलगाल येथे उभे केले. पुढे कधी मुलांनी त्या दगडांविषयी विचारले, तर वडिलांनी त्यांना नदी पार केल्याची हकिकत सांगावी, अशी आज्ञा होती. आमच्या मते वस्तुसंग्रहालयाची कल्पना याहून नेमकी क्वचितच कोणी मांडली असेल. तेथे तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत : मूळ जागेवरून जपून आणलेली वस्तू, तिच्याविषयी विचारणारे मूल आणि उत्तर ठाऊक असलेला वडीलधारा. यांपैकी एक जरी हरपले, तरी उरते ते दगडांचे ढिगारेच.

कलावस्तूंचे संग्रहालय म्हणजे सुंदर वस्तूंची कोठी, असा एक समज आहे. तो अपुरा आहे. कोठीत वस्तू ठेवतात, संग्रहालयात वस्तूला प्रश्न विचारतात. ती कोणी घडविली? कोणासाठी घडविली? कोणकोणत्या हातांतून ती येथवर आली? आणि तिच्या शेजारी जी वस्तू असावयास हवी होती, ती का नाही? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे संग्रहातून मिळतात. चौथा प्रश्न प्रदर्शनातून उभा राहतो, कारण प्रदर्शन म्हणजे एका वस्तूशेजारी दुसरी मांडणे आणि त्या शेजारातून दोहोंविषयी काही नवे शिकणे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने ब्रिटिश म्युझियम आणि दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय यांच्या साहाय्याने २०१७ मध्ये 'भारत आणि जग' हे प्रदर्शन भरविले, त्यामागे हीच दृष्टी होती. नऊ विभागांत दोनशेहून अधिक वस्तू मांडून, भारतात एखादी कला बहरत होती तेव्हा जगात अन्यत्र काय चालले होते, हे त्यांनी प्रेक्षकांसमोर ठेवले.

एवढ्या मोठ्या संस्थेपर्यंत जावयास नको. आपल्या पुण्यातच राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. अकाली निवर्तलेल्या राजा या आपल्या मुलाच्या स्मरणार्थ त्यांनी हा संग्रह उभा केला आणि १९७५ साली तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. सिंहासने आणि तलवारी यांच्यामागे ते धावले नाहीत. दिवे, अडकित्ते, दौती, वज्र्या, वाद्ये, पानाचे डबे, कोरीव दरवाजे असे जे मराठी घरातून अडगळ म्हणून बाहेर पडत होते, ते त्यांनी गावोगाव हिंडून गोळा केले. कोथरूड येथील मस्तानी महालाचे अवशेषही त्यांनी आणून संग्रहालयात पुन्हा उभे केले. मुलाच्या मृत्यूचे दुःख एका बापाने साऱ्या समाजाच्या स्मृतीत विसर्जित केले, असे त्या दालनांतून फिरताना वाटल्यावाचून राहत नाही. केळकरांनी आपल्याला शिकविले ते एवढेच की, इतिहास राजवाड्यात असतो तसा माजघरातही असतो.

बारामतीहून फलटण, दहिवडी या वाटेने दक्षिणेस गेले की सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात औंध लागते. यमाईच्या डोंगरावरील भवानी वस्तुसंग्रहालय १९३८ साली स्थापन झाले. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे स्वतः चित्रकार होते. राजा रविवर्मा, महादेव विश्वनाथ धुरंधर आदींची चित्रे त्यांनी एका लहानशा, दुष्काळी संस्थानात आणली. इंग्रज शिल्पकार हेन्री मूर यांचे 'माता आणि बालक' हे दगडी शिल्पही या संग्रहात आहे. गुळगुळीत, घाटदार, नाकडोळ्यांचा तपशील जवळजवळ टाळलेले ते शिल्प माणदेशाच्या वाऱ्यात पाहताना मन चकित होते. याच मूर यांनी पुढे १९४३–४४ मध्ये इंग्लंडमधील नॉर्थॅम्प्टन येथील संत मत्तयाच्या चर्चसाठी पवित्र मरिया आणि बाळ येशू यांचे शिल्प घडविले. औंधची माता आणि नॉर्थॅम्प्टनची माता या दोन स्त्रिया एकाच हाताच्या लेकी आहेत. एकीला आपण कला म्हणतो, दुसरीसमोर आपण गुडघे टेकतो. दगड तोच, हात तोच. फरक पडतो तो भोवतीच्या जागेमुळे आणि पाहणाऱ्याच्या श्रद्धेमुळे. हा विचार सुचविणे हेच संग्रहालयाचे कार्य.

जागा बदलली की वस्तूचा अर्थ कसा बदलतो, याचे आपल्या समाजाला अधिक जवळचे उदाहरण म्हणजे वसईच्या घंटा. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांच्या सैन्याने पोर्तुगीजांकडून वसई जिंकली. तेथील चर्चमधल्या घंटा विजयाच्या खुणा म्हणून मराठा सरदारांनी देशावर नेल्या आणि त्या मंदिरांत बांधल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेवर १७२१ हे साल आहे. वाईजवळच्या मेणवली येथे नाना फडणीसांच्या घाटावरील घंटेवर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेल्या पवित्र मरियेची आकृती आहे. भीमाशंकरलाही अशी घंटा आहे.

या घंटांविषयी बोलताना काहींच्या आवाजात विजय असतो, काहींच्या आवाजात खंत. आम्हांस दोन्ही अपुरे वाटतात. ज्या चर्चसाठी घंटा ओतली गेली, तेथे ती सकाळ, दुपार, सायंकाळ प्रार्थनेसाठी माणसांना बोलावीत होती. त्याच चर्चच्या छायेत सत्ताधाऱ्यांनी येथील लोकांवर अन्यायही केले, हे इतिहासास ठाऊक आहे आणि आपण ते नाकारू नये. नंतर ती युद्धातील लूट झाली. पुढे अडीचशेहून अधिक वर्षे देवदर्शनास येणाऱ्या भाविकांच्या हाताने ती वाजत आली. यांतले कोणते पर्व खरे आणि कोणते खोटे? चारही खरी आहेत. चांगल्या संग्रहालयातील एखादी पाटी हे सारे क्रमाने सांगते, कोणाला दुखविण्यासाठी नव्हे आणि कोणाला सुखविण्यासाठीही नव्हे. घंटेखाली उभे राहून पहिल्या दोन ओळी वाचणारा हिंदू आणि शेवटच्या दोन ओळी वाचणारा ख्रिस्ती, दोघेही घरी जाताना थोडे अधिक शहाणे होऊन जावेत, एवढीच अपेक्षा.

ख्रिस्तसभेला संग्रहालयाची कल्पना परकी नाही. १५०६ साली रोम येथे जमिनीतून निघालेले लाओकोऊनचे प्राचीन शिल्प परमगुरू दुसरे ज्युलियस यांनी विकत घेतले आणि लोकांना पाहावयास ठेवले. व्हॅटिकन संग्रहालयांचा आरंभ त्या घटनेपासून मानतात. ते शिल्प ख्रिस्ती नव्हते, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. आपल्या देशात गोव्यातील राचोल येथील गुरुविद्यालयात १९९४ साली ख्रिस्ती कलेचे संग्रहालय सुरू झाले. २००२ मध्ये ते जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठाच्या वास्तूत हलविण्यात आले. तेथील चांदीची पात्रे, हस्तिदंती मूर्ती, लाकडी संत, जरीची उपासनावस्त्रे पाहिली की एक प्रश्न मनात येतोच : हे घडविणारे हात कोणाचे?

त्याचे उत्तर मोठे उद्बोधक आहे. सोळाव्या शतकात गोव्यातील धर्माधिकाऱ्यांनी हिंदू कारागिरांकडून ख्रिस्ती प्रतिमा करवून घेऊ नयेत अशी बंदी पुनःपुन्हा घातली. जी गोष्ट घडतच नाही, तिच्यावर कोणी वारंवार बंदी घालीत नाही. म्हणजे त्या प्रतिमांपैकी कित्येकांवर हिंदू सोनार, सुतार आणि हस्तिदंतकार यांच्या बोटांचे ठसे आहेत. ज्या मूर्तीपुढे आपल्या पूर्वजांनी प्रार्थना केल्या, ती दुसऱ्या धर्माच्या कारागिराने मनोभावे घडविलेली असू शकते. ग्रंथांनी झाकलेली ही गोष्ट वस्तूंनी उघड केली.

राचोलचे नाव निघाले की फादर थॉमस स्टीफन्स यांचे स्मरण अपरिहार्य आहे. हे इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यास आले आणि मराठीचे इतके झाले की १६१६ साली राचोलच्या छापखान्यातून त्यांचे 'क्रिस्तपुराण' बाहेर पडले. पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. आज त्या तिन्हींपैकी एकही छापील प्रत उपलब्ध नाही. ग्रंथ जगला तो भाविकांनी हाताने उतरून घेतलेल्या पोथ्यांमुळे. देवनागरी लिपीतील एक हस्तलिखित लंडनमधील प्राच्यविद्या संस्थेच्या मार्सडेन संग्रहात सुरक्षित राहिले. अमेरिकन मिशनरी आणि संतसाहित्याचे अभ्यासक जस्टिन ॲबट यांनी १९२० च्या दशकात ते अभ्यासकांच्या नजरेस आणले आणि १९९६ मध्ये कॅरिदाद द्रागो यांनी या ग्रंथाची देवनागरी आवृत्ती संपादित केली. येथे बारामतीकरांना मोरोपंतांची (१७२९–१७९४) आठवण व्हावी. बाबूजी नाईकांच्या आश्रयाने बारामतीत राहून त्यांनी 'केकावली' आणि आर्यांचा प्रचंड संसार उभा केला. कीर्तनकारांनी तो मुखोद्गत ठेवला, घराघरांतील पोथ्यांनी तो जपला. पंत आणि फादर स्टीफन्स यांच्यामध्ये धर्माचे आणि शतकाचे अंतर होते. दोघांनाही वाचविले ते मात्र उतरून घेणाऱ्या अनाम हातांनी.

आपल्या पुणे धर्मप्रांताच्या परिसरात आणखी एक नाव आवर्जून घेतले पाहिजे. अँजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) हे मूळचे गोव्याचे. शांतिनिकेतनात त्यांनी चित्रकलेचे शिक्षण घेतले आणि पुढे पुण्यातील ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात दीर्घकाळ राहून चित्रे काढली. त्यांची मरिया साडी नेसलेली, सावळी, आपल्या गावातील एखाद्या घराच्या ओसरीवर बसलेली असावी अशी आहे. आज आपल्याला यात नवल वाटत नाही. त्या काळी मात्र ही चित्रे पुष्कळ श्रद्धावंतांना रुचली नाहीत. पवित्र मरिया युरोपीय वेशातच शोभते, अशी सवय डोळ्यांना जडली होती. चित्रकाराने हयातभर ती उपेक्षा सोसली. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आता गोव्यातील पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहे. अनेक चित्रे एकत्र पाहता आली, तेव्हाच लोकांच्या ध्यानी आले की ही एका माणसाची लहर नव्हती. ख्रिस्त या मातीचाही आहे, हे सांगण्याची ती आयुष्यभराची साधना होती. सुटे चित्र वादाचा विषय ठरले. संग्रहाने त्याची साक्ष केली.

आता आपण आपल्या उंबरठ्याशी येऊ. इंदापूर म्हटले की मालोजीराजे भोसल्यांचे नाव येते, सुपे म्हटले की शहाजीराजांची जहागीर आठवते. हा अभिमानाचा इतिहास आहेच. परंतु आम्ही ज्यांच्यासाठी लिहितो, त्या अनेक कुटुंबांचे पूर्वज या इतिहासाच्या पानावर नावाने आलेले नाहीत. ते गावकुसाबाहेर राहिले. त्यांचे हात मात्र सर्वत्र आहेत. कालव्याचे पाणी येण्यापूर्वी आणि त्यानंतरही या भागात विहिरीवर मोट चालत असे. मोटेचे चामडे कमावणारा कोण होता? नाडा आणि सोंदूर वळणारा कोण होता? एखाद्या संग्रहालयात मोट टांगलेली असते, खाली 'पाणी उपसण्याचे जुने साधन' एवढीच पाटी असते. पाणी कोणाला मिळाले, मोट शिवणाऱ्याला त्याच विहिरीवर पाणी भरता येत होते की नाही, हे ती पाटी सांगत नाही. कलेचा आणि कारागिरीचा इतिहास शोधावयाचा, तर हाही प्रश्न विचारावाच लागेल. तो विचारला, म्हणजे मग १८७६–७८ च्या दुष्काळानंतरच्या काळात गरिबांच्या कित्येक कुटुंबांना ख्रिस्ताच्या सुवार्तेत अन्नाखेरीज आणखी काय गवसले, हे समजू लागते. त्यांना नाव मिळाले. बाप्तिस्म्याच्या वहीत आईचे नाव, बापाचे नाव, गावाचे नाव शाईने लिहिले गेले.

त्या वह्या हा आपला पहिला संग्रह होय. त्याखेरीज घरोघरी काय काय आहे याचा विचार करावा. आजीची झिजलेली जपमाळ, लग्नातील धूसर छायाचित्र, शाळामास्तर किंवा प्रवचनकार असलेल्या आजोबांची भजनांची वही, 'निरोप्या'चे जुने अंक. केंदळच्या मिशनमधून १९०३ साली फादर हेन्री डोरिंग यांनी सुरू केलेले हे मासिक खेड्यापाड्यांतील कुटुंबांनी वाचले, आणि वाचून झाल्यावर पुष्कळदा त्याचे कागद फडताळात अंथरले. आम्ही हे दोष देण्यासाठी लिहीत नाही. ज्यांच्या घरावर छप्पर टिकणे कठीण, त्यांनी कागद कोठे ठेवावेत? परंतु आता आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी कपाट आहे. आता ही सबब उरली नाही.

ख्रिस्तसभेच्या सांस्कृतिक वारशासाठी व्हॅटिकनने नेमलेल्या आयोगाने १९९९ मध्ये जगभरच्या धर्माध्यक्षांना पत्र लिहून चर्चमधील कलावस्तूंची यादी करणे किती निकडीचे आहे, हे कळविले. २००१ मध्ये धार्मिक संग्रहालयांच्या कार्याविषयी दुसरे पत्र आले. त्याचा आशय असा की, उपासनेतून निवृत्त झालेली वस्तूही श्रद्धावंतांच्या जीवनाशी जोडलेली राहावी, तिची मूळ जागा आणि मूळ उपयोग विसरला जाऊ नये. मोठ्या धर्मप्रांतांनी यासाठी इमारती उभारल्या, तज्ज्ञ नेमले. लहान धर्मग्रामाला ते परवडणारे नाही. पण यादी करण्यासाठी इमारत लागत नाही.

बारामती आणि इंदापूर परिसरातील आपल्या कुटुंबांना म्हणून एक नम्र सूचना करावीशी वाटते. धर्मग्रामाच्या सणाच्या आठवड्यात एका दुपारी प्रत्येक घराने एक जुनी वस्तू आणावी. ती विकत किंवा दान घेऊ नये. सायंकाळी ज्याची त्याला परत द्यावी. सभागृहातील बाकांवर पांढरी चादर अंथरून त्या वस्तू मांडाव्यात आणि तरुणांनी एका वहीत पाच गोष्टी लिहून घ्याव्यात : वस्तूचे नाव, ती कोणी केली, कोणाची होती, कोणत्या गावाहून कोणत्या गावी आली आणि हे कोणी सांगितले. शेवटचा रकाना विसरू नये. उद्या कोणी विचारले, तर सांगणाऱ्याचे नाव हाच त्या माहितीचा आधार ठरतो. शेजारच्या हिंदू, मुस्लिम आणि बौद्ध कुटुंबांनाही बोलवावे. कदाचित एखाद्याच्या घरी आपल्या आजोबांनी विणलेली, कोरलेली किंवा शिवलेली वस्तू निघेल.

पळसदेवचे मंदिर अवर्षणाच्या वर्षी आपोआप वर येते. आपल्या घरातील आठवणी तशा येणार नाहीत. ज्या आजीला त्या जपमाळेची हकिकत ठाऊक आहे, तिचे वय आता ऐंशीच्या पुढे असेल. पुढच्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर तिच्याशेजारी अर्धा तास बसावे आणि वही उघडावी.